आडतीच्या दुकानातला करार कायदा

प्रश्न :

मॅडम, नमस्कार. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. बार्शीच्या मार्केट यार्डात वडिलांचं लहानसं आडत दुकान आहे. बिझनेस लॉ या एकाच विषयात मला केटी लागली. करार कायद्याची कलमं मी रात्र रात्र जागून पाठ केली होती, पण पेपरात प्रसंग दिले होते. सतरा वर्षांच्या मुलाने वय लपवून सावकाराकडून कर्ज घेतलं, तर ते सावकाराला वसूल करता येईल का, असा एक प्रश्न होता. मी कलम ११ शब्दन् शब्द लिहिलं आणि आठपैकी दोन मार्क मिळाले. पुस्तक इंग्रजीत आहे, वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरते. हा विषय करायचा कसा? पेपर मराठीतून लिहिला तर चालेल का? पुढे कायद्याकडे जायचं मनात होतं, ते सोडून देऊ का?

एक घरचीही गोष्ट विचारते. वडिलांनी काकांच्या कर्जाला जामीन राहून सही केली होती. काकांचे हप्ते थकले आणि आता पतसंस्थेची नोटीस वडिलांच्या नावावर आली आहे. काका म्हणतात, माझ्याकडून वसुली झाल्याशिवाय ते तुमच्याकडे येऊच शकत नाहीत. हे खरं आहे का?

— एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर :

प्रिय मुली,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण नोटिशीला मुदत असते आणि केटीच्या परीक्षेला अजून वेळ आहे.

काका म्हणतात ते खरं नाही. भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. तेवढीच रक्कम, तेवढंच व्याज. ‘आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या’ असं म्हणायचा हक्क जामीनदाराला आपोआप मिळत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या १९६९ च्या निकालपत्रांत छापलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. कर्जदार बुडवेल या भीतीनेच तर जामीन घेतलेला असतो. वसुलीची वेळ आल्यावर धनकोला थांबवून ठेवलं तर जामीन घेण्याला अर्थच उरत नाही.

म्हणून वडिलांना सांग, नोटीस कपाटात ठेवू नका. पतसंस्थांना महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळवता येतो, आणि तो एकदा हातात पडला की जप्तीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. याच आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणी सहकाराची कामं करणारे वकील गाठा. जाताना कर्जाचा अर्ज, जामीनकतबा आणि कर्जखात्याचा उतारा, या तिन्हींच्या नकला बरोबर न्या. नकला नसतील तर पतसंस्थेकडे लेखी अर्ज करून मागा.

वकिलांना दोन गोष्टी मुद्दाम विचारायच्या. कर्जाच्या अटी, व्याजाचा दर किंवा मुदत वडिलांना न विचारता मध्येच बदलली का? तसं झालं असेल तर कलम १३३ प्रमाणे त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार सुटतो. आणि पतसंस्थेने काकांशी वेगळी तडजोड करून त्यांना मुदत वाढवून दिली का? तिथे कलम १३५ लागू होतं. पण पतसंस्था नुसती गप्प बसली, वसुलीला उशीर केला, एवढ्याने जामीनदार सुटत नाही. ते कलम १३७ मध्ये आहे. शिवाय छापील जामीनकतब्यात हे हक्क सोडून दिल्याचं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेही बघावं लागेल.

भरावे लागलेच, तर ते पैसे वाऱ्यावर जात नाहीत. कलम १४० प्रमाणे वडील पतसंस्थेच्या जागी येतात, म्हणजे पतसंस्थेचे काकांवर जे हक्क होते ते वडिलांना मिळतात. कलम १४५ प्रमाणे भरलेली रक्कम काकांकडून मागता येते. भाऊ भावाकडे असं मागेल का, हे मला ठाऊक नाही. पण पावती मात्र प्रत्येक पैशाची घ्या आणि रक्कम रोखीने देऊ नका.

हे मी जरा तळमळीने लिहिते आहे. नोकरीला लागले तेव्हा एका सहकाऱ्याच्या कर्जाला मीही जामीन राहिले होते. स्टाफरूममध्ये कागद पुढे आला, फुली केलेल्या जागी सही केली आणि तासाला गेले. दोन वर्षांनी माझ्या पगारातून हप्ता कापला जायला लागला, तो सव्वा वर्ष चालला. ते कर्ज फिटेपर्यंत घरी आम्ही कुणाला काही बोललो नाही. तेव्हापासून हमीचं प्रकरण शिकवताना मी आधी फळ्यावर जामीनकतबा लिहिते आणि कलम नंतर.

आता तुझा अभ्यास. बघ, वर मी १२८, १३३, १३५, १३७, १४० आणि १४५ एवढी कलमं सांगितली आणि तुला ती बहुधा पाठ न करताच लक्षात राहतील, कारण प्रत्येकाला तुझ्या वडिलांचा चेहरा आहे. या विषयाचा अभ्यास असाच करायचा असतो. कायद्याचं प्रत्येक कलम म्हणजे कुणाच्या तरी भांडणावर दिलेलं उत्तर. तू उत्तरं पाठ केलीस, पण भांडण काय होतं ते तुला कुणी सांगितलंच नाही. यात तुझी चूक थोडी आणि आमची, शिकवणाऱ्यांची, जास्त आहे.

त्या सतरा वर्षांच्या मुलाचंच घे. या प्रश्नामागचं भांडण कलकत्त्याचं आहे. धर्मदास घोष नावाच्या अल्पवयीन मुलाने ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराकडे घर गहाण ठेवलं. गहाणखत वीस हजार रुपयांचं होतं. मुलगा सज्ञान नाही हे सावकाराच्या वकिलाला माहीत होतं. पुढे मुलाच्या बाजूने गहाणखत रद्द करायचा दावा झाला, तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेला आणि १९०३ मध्ये निकाल लागला : अज्ञानाने, म्हणजे अल्पवयीनाने, केलेला करार मुळातच शून्य. खटला ‘मोहोरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष’ या नावाने ओळखला जातो, कारण तोवर सावकार वारला होता आणि मोहोरी बीबी त्याच्या जागी होती. कलम ११ नुसतं म्हणतं की सज्ञान माणूस करार करायला पात्र आहे. अज्ञानाने केला तर काय, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. ती फट या निकालाने भरली.

आता तुझ्या पेपरातल्या प्रसंगात एक जास्तीची गोष्ट होती : मुलाने वय लपवलं होतं. परीक्षकाने आठ मार्क त्याच्यासाठी ठेवले होते. वय लपवलं म्हणून शून्य करार जिवंत होत नाही, म्हणून करार दाखवून सावकाराला कर्ज वसूल करता येत नाही. पण अज्ञानाला फसवणुकीची मोकळीकही कायदा देत नाही. विशिष्ट अनुतोष कायदा (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट), १९६३ च्या कलम ३३ प्रमाणे त्याला जो फायदा मिळाला, तेवढ्यापुरता तो परत करायला न्यायालय सांगू शकतं. एवढं लिहिलं असतंस तर सहा-सात मार्क कुठे गेले नसते, मग कलमाचे शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी.

उत्तर लिहिताना म्हणून आधी दोन ओळींत लिहायचं की भांडण नेमकं कशावरून आहे. मग नियम, स्वतःच्या शब्दांत. मग तो नियम या प्रसंगाला लावायचा, माणसांची नावं घेऊन : ‘इथे मुलाचं वय सतरा असल्यामुळे...’ आणि शेवटी सरळ निकाल. बहुतेक मुलं नियम लिहून थांबतात. लावतच नाहीत. मी इतकी वर्षं पेपर तपासते आहे, मार्क तिथेच जातात.

कायद्याच्या मूळ पुस्तकाला घाबरतेस, पण १८७२ च्या या कायद्यात एक फार चांगली सोय आहे आणि गाइडवाले नेमकी तीच गाळतात. कित्येक कलमांखाली उदाहरणं दिलेली आहेत, ‘अ’ आणि ‘ब’ यांची. कलम १६ मध्ये गावातल्या सावकाराच्या कर्जात अडकलेला माणूस आहे, त्याच सावकाराकडून जाचक अटींवर नवं कर्ज घेणारा. कलम १७ मध्ये घोडा आहे : ‘अ’ला ठाऊक आहे की घोड्यात खोट आहे, पण लिलावात तो ‘ब’ला विकताना गप्प बसतो. कायदा म्हणतो, हे कपट नाही. लगेच पुढचं उदाहरण येतं : ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? तिथे नात्यामुळे सांगणं हे बापाचं कर्तव्य ठरतं. दीडशे वर्षांपूर्वीचं हे उदाहरण वाचताना मला अजूनही बरं वाटतं. कलम ७३ मध्ये पन्नास मण सोऱ्याचा सौदा आहे : विकणाऱ्याने शब्द मोडला, तर माल द्यायचा ठरलेल्या दिवशी तसाच माल बाजारात ज्या भावाने मिळाला असता तो भाव आणि ठरलेला भाव यांतला फरक घेणाऱ्याला मिळतो. तुरीचा सौदा मोडला की तुमच्या दुकानात हीच वजाबाकी होत असेल. सोऱ्याच्या जागी तूर लिही आणि वाच.

आधी उदाहरण वाच, मग वर जाऊन कलम वाच. हा उलटा क्रम मी वर्गात करून पाहिला आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना त्याचा फार उपयोग होतो, कारण उदाहरणाची वाक्यं छोटी असतात.

भाषेचं म्हणशील तर, मराठीतून उत्तरपत्रिका लिहायची मुभा तुमच्या अभ्यासक्रमाला आहे का, हे कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी विचार. मैत्रिणींच्या सांगण्यावर जाऊ नकोस. मुभा असेल तर खुशाल मराठीत लिही. इंग्रजीतलं मोडकं उत्तर मराठीतल्या नीट उत्तरापेक्षा भारी असतं, हा समज काढून टाक. मात्र संज्ञा दोन्ही भाषांत यायला हव्यात. वहीच्या मागच्या पानावर डावीकडे कन्सिडरेशन, उजवीकडे प्रतिफल. डावीकडे बेलमेंट, उजवीकडे निक्षेप, असं लिहीत जा. आणि शून्य व शून्यनीय या जोडीला स्वतंत्र पान दे. व्हॉइड म्हणजे शून्य, कायद्याच्या लेखी ज्याला अस्तित्वच नाही असा. व्हॉइडेबल म्हणजे शून्यनीय. तो करार चालू असतो, पण ज्याची संमती धाकाने किंवा कपटाने घेतली तो माणूस मनात आणलं तर तो मोडू शकतो. या एका ‘नीय’ने दरवर्षी माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे मार्क जातात. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश कॉलेजच्या ग्रंथालयात असतो, तो मागून घे.

आता ज्यासाठी मी हे पत्र सदरासाठी निवडलं ती गोष्ट. तू वडिलांच्या दुकानाचा उल्लेख एका ओळीत करून पुढे गेलीस. मुली, तुझ्या वर्गात कुणाकडे नसेल असं पुस्तक तुझ्या घरी आहे. आडत्या म्हणजे करार कायद्यातला एजंट, कलम १८२. शेतकरी त्याचा मालक, खरेदीदार तिसरा पक्ष. माल शेतकऱ्याचा असतो, विकतात वडील, आणि मागताच हिशेब देणं हे कलम २१३ प्रमाणे त्यांचं कर्तव्य. संध्याकाळी शेतकऱ्याच्या हातात देतात ती हिशेबपट्टी म्हणजे तेच कलम. त्यातून आपलं देणं वळतं करून घ्यायचा हक्क कलम २१७ मध्ये, आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याला चुकती करायचं बंधन २१८ मध्ये. एक जुनी हिशेबपट्टी घे आणि हमाली, तोलाई, उचल, निव्वळ रक्कम अशा प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने विचार कर की हे कुठल्या नात्यातून आलं.

लिलाव सुरू झाला की ओट्यावर जाऊन उभी राहा. खरेदीदार बोलतो तो भाव म्हणजे प्रस्ताव. त्यावर दुसऱ्याची बोली चढते, आणि शेवटी सौदा पक्का झाल्याचं जाहीर होतं तेव्हा स्वीकृती. मालविक्री कायदा, १९३० चं कलम ६४ सांगतं की तोवर बोली लावणाऱ्याला ती मागे घेता येते. सौदा तुटल्यावर कोण काय म्हणून भांडतं ते कान देऊन ऐक. अर्धा मालविक्री कायदा तिथे ऐकू येतो.

फोनवरच्या सौद्यांबद्दल एक खटला तुला सांगायलाच हवा, तो आपल्याकडचा आहे. २२ जुलै १९५९. अहमदाबादचा एक व्यापारी आणि खामगावची एक जिनिंग व तेल गिरणी यांच्यात ट्रंककॉलवर सौदा झाला, सरकीच्या पेंडीचा. पेंड आली नाही. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने ३१,१५० रुपयांचा दावा तिथल्याच न्यायालयात लावला. खामगावकर म्हणाले, आम्ही ‘हो’ म्हणालो ते खामगावात बसून, म्हणजे करार खामगावात झाला, दावा इकडे चालवा. तेव्हा ही दोन्ही गावं एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होती, पण न्यायालयं वेगळी, आणि दुसऱ्याच्या गावी तारखांना जाणं तेव्हाही परवडत नव्हतंच.

सर्वोच्च न्यायालयासमोर पेंडीचा प्रश्न नव्हता, एवढाच होता की ‘हो’ कुठे झालं. जिथे उच्चारलं तिथे, की जिथे ऐकू आलं तिथे? पत्राच्या बाबतीत कलम ४ आहे : स्वीकृतीचं पत्र पेटीत पडलं की प्रस्ताव ठेवणारा बांधला जातो. मग फोनला तेच लावायचं का? बहुमताचा निकाल न्या. शहांनी दिला : फोनवर माणसं समोरासमोर असल्यासारखीच बोलतात, म्हणून जिथे ‘हो’ ऐकू आलं तिथे, अहमदाबादला, करार झाला. न्या. हिदायतुल्लांनी वेगळं मत दिलं : कलम ४ चे शब्द जसेच्या तसे धरले तर स्वीकारणाऱ्याने शब्द तारेत सोडला तिथेच, म्हणजे खामगावला. कायदा १८७२ चा आणि बेलच्या टेलिफोनचं पेटंट १८७६ चं, हे ध्यानात घेतलंस की दोन्ही न्यायमूर्तींची अडचण कळेल. भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल या नावाने हा १९६६ च्या निकालपत्रांत छापलेला आहे. दोन्ही मतं वाच आणि कुणाचं पटतं ते ठरव. मला स्वतःला शहांचं पटतं, पण हिदायतुल्लांना उत्तर देताना दरवेळी घाम फुटतो. आणि मग वडिलांच्या मोबाइलमध्ये बघ : ‘२० क्विंटल, भाव अमुक, पाठवू का?’ आणि खाली नुसता अंगठा. तो अंगठा स्वीकृती होतो का? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०अ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने करार अमान्य ठरत नाही. बाकीचं तू मांडून बघ.

चेकच्या प्रकरणात मात्र पाठांतर लागतं, कारण तिथे दिवसांना किंमत आहे. चलनक्षम दस्तऐवज कायदा, १८८१, कलम १३८. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची. ती मिळाल्यावर देणाऱ्याला पैसे भरायला १५ दिवस. त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. दुकानात परत आलेला एखादा चेक असेलच. त्याच्या तारखा घालून हे गणित कर, विसरणार नाहीस. भागीदारी कायद्यात कलम ४ ची व्याख्या आणि फर्मची नोंदणी नसेल तर काय अडतं ते कलम ६९, एवढ्यापासून सुरुवात पुरेशी आहे. कंपनी कायदा सगळ्यात शेवटी घे.

कायद्याकडे जायचं सोडू नकोस. एका केटीवरून असले निर्णय घेऊ नयेत. पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं. कंपनी सेक्रेटरीचा रस्ता आहे, आणि सी.ए.च्या फाउंडेशनलाही बिझनेस लॉचा पेपर असतोच. मार्केट यार्डात वाढलेली, करार कायदा जाणणारी वकील बार्शीसारख्या गावाला हवीच आहे. शेतकरी, आडते, हमाल, पतसंस्था, सगळ्यांचे कागद कुणीतरी सही करण्याआधी वाचून सांगायला हवेत.

आता आधी वडिलांचा कागद. वकिलांकडे जाताना नोटिशीबरोबर ती ज्या पाकिटातून आली ते पाकीटही घेऊन जा, फाडून फेकलं नसेल तर. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख वाचता येत नसली तर पोस्टमनला विचार, तुमच्या गल्लीत ते पाकीट त्याने कधी दिलं आणि सही कुणाची घेतली.

तुझी,
मॅडम